बॅटमॅनची मान, शक्तिमानची काख

२००८ सालच्या 'द डार्क नाइट'मध्ये एक लहानसा प्रसंग आहे. ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याआडचा बॅटमॅन, त्याला पोशाख आणि हत्यारं पुरवणाऱ्या लुशियस फॉक्सकडे नवा सूट मागायला जातो. जुन्यात अडचण काय? तर मान वळवता येत नाही. फॉक्स शांतपणे म्हणतो, गाडी रिव्हर्स घेताना बरं पडेल खरं. लोक हसतात, सिनेमा पुढे जातो. मला मात्र तो प्रसंग त्या सिनेमातल्या कुठल्याही स्फोटापेक्षा जास्त आवडतो, कारण ती तक्रार ब्रूस वेनच्या तोंडी घातलेली असली तरी १९८९पासून तोवर बॅटमॅन झालेल्या प्रत्येक नटाची आहे.

१९८९मध्ये टिम बर्टनने मायकेल कीटनला बॅटमॅन केलं, तेव्हा चाहत्यांनी बोंब ठोकली होती. कीटन विनोदी भूमिका करणारा, अंगाने बेताचा. पोशाख करणाऱ्या बॉब रिंगवुडने मग शरीरयष्टीच पोशाखात घातली. फोम लेटेक्समध्ये छाती, पोट, दंड घडवले, सगळं काळं केलं आणि कानवाला मुखवटा डोक्यावरून थेट खांद्यांपर्यंत एकसंध उतरवला. दिसायला जबरदस्त. पण मान आणि खांदे एकाच रबराचे झाल्यावर डावीकडे बघायचं तर कंबरेपासून अख्खं अंग फिरवायला लागायचं. कीटनने त्या अडचणीचीच लकब करून टाकली. त्याचा बॅटमॅन ताठ उभा राहतो, सगळा देह घेऊन वळतो, आणि त्या वळण्यानेच समोरच्याची पाचावर धारण बसते.

त्या सिनेमातली एक मारामारी आठवून बघा. गल्लीत एक गुंड दोन तलवारी गरगर फिरवत, कसरती करत अंगावर येतो. बॅटमॅन जागचा हलत नाही. गडी टप्प्यात आला की एक लाथ, खेळ खलास. विनोद म्हणून झकास. पण क्षणभर फाइट मास्टरच्या जागी उभं राहा. ज्याला बाजूने येणारा माणूस दिसत नाही आणि अंगावरच्या रबरातून हातपाय मोकळे हलत नाहीत, त्या नटाकडून आणखी काय करून घेणार? १९९५मध्ये बॅटमॅन झालेला वॅल किल्मर सांगायचा की मुखवट्याच्या आत काही ऐकूच यायचं नाही, त्यामुळे थोड्या वेळाने लोक त्याच्याशी बोलणंच सोडून द्यायचे.

मारामारी बघताना माझी नजर आधी कपड्यांवर जाते, याला कारण आई. ती शिवणकाम करायची. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, आणि गावातल्या हौशी नाटक मंडळींचं काहीबाही. १९९७मध्ये दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झालं तेव्हा आम्ही पोरं टीव्हीला नाक लावून बसायचो आणि आई मागे मशीनवर. मुकेश खन्ना हात वर करून गरगर फिरायला लागले की आम्ही श्वास रोखायचो. आई म्हणायची, "अगं, हात वर केला की पोटावरचं कापड ओढलं जातंय बघ. काखेत चौबगला घातलेला दिसत नाही." घातला होता की नव्हता ते त्या शिंप्यालाच ठाऊक. पण तेव्हापासून मला शक्तिमानची काख दिसायला लागली ती लागलीच.

ज्यांच्या घरात मशीन नव्हती त्यांच्यासाठी सांगते. नेहमीची बाही हात खाली सोडलेला आहे असं धरून बेतलेली असते. हात वर नेला की बाहीबरोबर अख्खा अंगरखा वर चढतो. म्हणून जुन्या बंडीत आणि सदऱ्यात काखेत एक चौकोनी तुकडा तिरका जोडायचे, तो चौबगला. हात वर गेला की तो उलगडतो, खाली आला की घडी पडून आत जातो. शेतात कुदळ मारणाऱ्या माणसाला त्याची गरज होती आणि हवेत ठोसा मारणाऱ्यालाही आहे. हॉलिवूडच्या स्टंट सुटांमध्ये काखेत आणि जांघेत ताणलं जाणारं कापड घालतात, ते याचंच काम करतं. कमरेशी दोन्ही बाजूंना लपवलेल्या फटी ठेवतात, आतल्या हार्नेसला वायर अडकवायला. एकाच पोशाखाच्या कितीतरी प्रती निघतात. जवळून दाखवायची प्रत कडक आणि कोरीव, मारामारीची मऊ, आणि डुप्लिकेटची जरा सैल, कारण त्याला आत पॅडिंग घालायचं असतं. कॅप्टन अमेरिकाच्या ढालीचंही तसंच. मिरवायची ढाल वेगळी, डोक्यात हाणायची रबराची वेगळी.

तर, मान. ख्रिस्तोफर नोलनने २००५मध्ये 'बॅटमॅन बिगिन्स' केला. पोशाख लिंडी हेमिंगचा. पाठीवर सोडलेल्या केपसाठी पॅराशूटचं नायलॉन घेऊन त्यावर विजेच्या साहाय्याने मखमलीसारखी लव चढवली होती, म्हणून तो केप प्रकाश पिऊन टाकतो आणि हलकाही राहतो. सुटाची मात्र तीच गत. जाड, गरम, मानेला कुलूप. ख्रिश्चन बेलचं त्यात डोकं दुखायचं आणि त्या वैतागाचा भूमिकेला उपयोग झाला, असं त्याने सांगितलंय. मारामारीसाठी त्यांनी कीसी नावाची पद्धत घेतली. हातांनी डोकं झाकून घ्यायचं आणि कोपरांनी मारायचं, अगदी अंगाला अंग भिडवून. मला ही निवड फार हुशारीची वाटते. ज्याला बाजूला बघता येत नाही त्याने लांबून येणाऱ्या फटक्याची वाट कशाला बघावी? जवळ जावं, कोपर घालावं, पुढच्याकडे वळावं. पण पडद्यावर आली ती नुसती गिचमीड. कोण कुणाला मारतोय ते कळायच्या आत शॉट बदलतो. गुंडांना बॅटमॅन असाच दिसणार, असं त्याचं समर्थन करता येतं आणि गोदीतल्या पहिल्या प्रसंगात ते पटतंही. पुढे पटत नाही. कॅमेरा एवढा जवळ आणि कात्री एवढी घाईत असण्यामागे अवघडलेला सूट झाकण्याचीही सोय असावी, असा माझा संशय आहे.

मग २००८चा नवा सूट आला. शंभरावर सुटे तुकडे, खाली जाळीचं कापड, डोक्याचा भाग मानेपासून वेगळा. आणि इथे पटकथेने जे केलंय त्याला दाद द्यायला हवी. फॉक्स सांगतो, तुकडे सुटे केलेत म्हणजे मधे फटी आल्या, सुरी आणि गोळी आता आत शिरू शकते. सिनेमाच्या सुरुवातीला बॅटमॅनला कुत्रा चावलेला असतो, म्हणून ब्रूस कुत्र्यांचं विचारतो. फॉक्स म्हणतो, मांजरांपासून नक्की वाचवेल. हसून सोडून द्यावं असं वाक्य, पण शेवटच्या मारामारीत जोकर त्याच्या अंगावर कुत्रेच सोडतो. मान मिळाली, तिची किंमत ठरली आणि ती वसूलही झाली. शिंप्याच्या टेबलावरचा सौदा कथेत इतका चोख उतरलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

२०२२च्या 'द बॅटमॅन'ने वेगळीच वाट धरली. रॉबर्ट पॅटिन्सनचा सूट चिलखतच आहे, पण हालचालीला मोकळा. तो बॅटमॅन फटके चुकवायच्या भानगडीत फारसा पडत नाही. घेतो आणि देतो. पहिल्या मारामारीत आधी नुसते बूट ऐकू येतात, सावकाश, जड, अंधारातून. पुढे क्लबमधल्या अंधाऱ्या कॉरिडॉरमध्ये समोरून बंदुका सुटतात आणि उजेड असतो तो फक्त त्यांच्या जाळाचा. तो सरळ चालत येतो. मानेचा प्रश्नच राहिला नाही, त्याला बाजूला बघायचंच नसतं. त्याआधी २०१६मध्ये बेन ॲफ्लेकच्या बॅटमॅनचा गोदामातला प्रसंग गाजला होता. त्याच्या अंगावर रबरी टरफलाऐवजी बरंचसं कापडच होतं आणि ते त्याच्या वेगात दिसतं. बाकी त्या सिनेमाबद्दल बोलण्यासारखं फार नाही.

हे अंगाला चिकटलेले कपडे मुळात आले कुठून? सर्कशीतून. १९३८च्या जून महिन्याच्या अंकात सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला तेव्हा त्याच्या अंगावरची घट्ट विजार आणि वरून चड्डी ही सर्कशीतल्या ताकदवान गड्यांची होती. त्यांचे स्नायू शेवटच्या रांगेतून दिसायला हवेत, पाय मोकळे हवेत, आणि घट्ट विजार ऐन वेळी उसवली तर अब्रू राखायला वरून चड्डी हवी. (सर्कशीचा विषय निघाला की सांगलीकडची माणसं पहिली भारतीय सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे आणि १८८० साल काढतातच. मीही तिकडचीच.) आणि सुपरमॅनच्या तीन वर्षं आधी, १९३५मध्ये, मुंबईत वाडिया मूव्हीटोनने 'हंटरवाली' काढला होता. ऑस्ट्रेलियात जन्मलेली आणि सर्कशीत काम करून आलेली नादिया, डोळ्यांवर मुखवटा, पायात बूट, आखूड चड्डी, हातात चाबूक. स्टंट ती स्वतः करायची. राजकन्या म्हणून वावरताना एक वेश, अन्यायाशी लढताना दुसरा. सुपरहिरोच्या व्याख्येत आणखी काय लागतं? तो पोशाख मला अजूनही हुशारीचा वाटतो, कारण नादियाला जे जे करायचं होतं, म्हणजे उड्या, घोडा, माणूस उचलून फेकणं, त्यात तो कुठेच आडवा येत नाही.

याच्या नेमकं उलट म्हणजे १९९२मधली मिशेल फायफरची कॅटवुमन. लेटेक्सचा सूट, आत शिरण्यासाठी अंगाला टाल्कम पावडर, वरून चकाकीसाठी सिलिकॉनचा लेप. बसायचं कसं आणि श्वास कसा घ्यायचा इथपासून पंचाईत. गच्चीवर ती आणि कीटनचा बॅटमॅन समोरासमोर येतात तेव्हा रबरात बंद केलेली दोन माणसं एकमेकांना मारू पाहत असतात, आणि म्हणून ती मारामारी निम्मी बोलण्याची होते आणि उरलेली चाबकाची. चाबूक फायफर स्वतः शिकली होती. आखडलेल्या अंगाला तेवढाच एक लांब, मोकळा हात. या पोशाखावर माझा जीव आहे, त्याचं कारण मात्र वेगळं. सिनेमात ती बाई तो सूट स्वतः घरी शिवते, काळ्या रेनकोटचे तुकडे करून, मशीनवर, पांढऱ्या दोऱ्याच्या वेड्यावाकड्या टाक्यांनी. पुढे प्रत्येक मारामारीत तो उसवत जातो आणि शेवटी त्याच्या चिंध्या उरतात. कोण जिंकलं, कुणाला किती लागलं, याचा हिशोब टाक्यांत ठेवलाय.

केपचं काय करायचं हे कुणालाच नीट सुटलेलं नाही. २००४च्या 'द इनक्रेडिबल्स'मध्ये एडना मोड नावाची ठेंगणी ड्रेस डिझायनर आहे. ती केप शिवायला साफ नकार देते आणि केपपायी मेलेल्या हिरोंची यादीच ऐकवते. कुणी विमानाच्या इंजिनात ओढला गेला, कुणाचा केप लिफ्टमध्ये अडकला. खलनायकाचा शेवटही केपनेच होतो. खऱ्या शूटिंगमध्ये एवढं होत नाही, पण केप पायाखाली येतो, हार्नेसच्या वायरीत गुंततो आणि नको तेव्हा तोंडावर येतो. १९७८च्या 'सुपरमॅन'मध्ये ख्रिस्तोफर रीव्ह उडताना केप फडकावा म्हणून आत छोटी यंत्रणा बसवली होती, कारण वायरीला लटकलेल्या माणसाचा केप आपण होऊन वाऱ्यावर उडत नाही, खाली लोंबतो. २०१३च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये बहुतेक ठिकाणी केप कॉम्प्युटरवरच काढला. तो सुंदर उडतो. फारच सुंदर. मारामारी चालू असताना माझं लक्ष त्या केपच्या चुण्यांकडे जातं, यात सगळं आलं.

खऱ्या कापडाचा केप काय करतो ते मी भाच्याच्या गॅदरिंगला बघितलंय. ड्रेपरीवाल्याकडून आणलेला बॅटमॅन, काळ्या सॅटिनच्या आत स्पंजची छाती टाचलेली, मुखवट्याचं इलॅस्टिक सैल पडलेलं म्हणून मागे सेफ्टी पिन. केप गळ्याशी नाडीने घट्ट बांधलेला आणि मोठ्या मुलाच्या मापाचा. दुसरीतला बॅटमॅन आणि दुसरीतला जोकर स्टेजवर आले, गाणं सुरू झालं, आणि तिसऱ्या ठेक्याला जोकरचा पाय केपवर पडला. बॅटमॅन मागे ओढला गेला, गळ्याची नाडी आवळली, मुखवटा कानापर्यंत सरकला आणि एका डोळ्यावर आला. त्याने मग ठरलेल्या सगळ्या स्टेप सोडून दिल्या आणि दोन्ही हातांनी केप धरून खेचायला लागला. जोकरही इरेला पेटला, तो पाय काढेना. विंगेतून बाई "अरे पाय काढ, पाय काढ" ओरडतायत, ताई खुर्चीतून अर्धी उठलेली. पब्लिकने मात्र त्या संध्याकाळच्या सगळ्यांत जोरदार टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "नाडी कशाला? टिचबटण लावायचं. ओढलं की निघून आलं पाहिजे."

मुखवट्याचा हिशोब वेगळा. पूर्ण चेहरा झाकला की नटाचा चेहरा जातो, पण त्या बदल्यात डुप्लिकेट मिळतो, आणि चांगला डुप्लिकेट मिळाला की कॅमेऱ्याला लांब उभं राहता येतं. पाय दिसतात, अंतर दिसतं, मार बसलेला दिसतो. २०१५च्या 'डेअरडेव्हिल' मालिकेच्या दुसऱ्या भागातली कॉरिडॉरची मारामारी हे त्याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण. मॅट मर्डॉककडे, म्हणजे आंधळ्या डेअरडेव्हिलकडे, तेव्हा पोशाख असा नसतोच. काळा फुल बाह्यांचा शर्ट, हातांना गुंडाळलेल्या पट्ट्या आणि डोक्यावरून नाकापर्यंत बांधलेलं काळं फडकं. आंधळ्याला डोळ्यांसाठी भोकं लागत नाहीत, म्हणून डोळेही झाकलेले. कॅमेरा कॉरिडॉरमध्येच राहतो, माणसं मारामारी करत दारांतून आत जातात, बाहेर येतात, आणि त्या ये-जा करण्यात चार्ली कॉक्सच्या जागी त्याचा डुप्लिकेट येतो आणि परत जातो. आपल्याला पत्ता लागत नाही. शिवाय साध्या कपड्यामुळे दमणं दिसतं. तो भिंतीला टेकतो, छाती वरखाली होते, ठोसा मारता मारता तोल जातो. रबराची छाती असती तर हा श्वास आतच राहिला असता. पहिल्या सीझनच्या शेवटी त्याला लाल सूट मिळाला तेव्हा मी जरा हिरमुसलेच.

स्पायडरमॅनची अडचण अशी की त्याला डोळेही नाहीत आणि तोंडही नाही. २००२पासूनच्या सॅम रेमीच्या सिनेमांत म्हणून ऐन वेळी मुखवटा फाटतो किंवा निघतो. २००४मध्ये ट्रेन थांबवताना टोबी मॅग्वायरचा चेहरा उघडा आहे, म्हणून तर त्या डब्यातल्या लोकांइतकंच आपल्यालाही कळतं की हा अजून पोरगा आहे. २०१६पासून टॉम हॉलंडच्या मुखवट्याला कॅमेऱ्याच्या झडपेसारखे उघडमीट करणारे डोळे दिले, ते कॉमिक्समधल्या बदलत्या डोळ्यांना धरूनही आहेत. तरीही रेमीचा ट्रेनमधला चेहरा जे करतो ते या झडपांना जमत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न मला सगळ्यांत नीट हाताळलेला दिसला तो मल्याळममध्ये, २०२१च्या 'मिन्नल मुरळी'त. बासिल जोसेफचा सिनेमा, नायक टोविनो थॉमस गावातला शिंपी. (शिंपी! आमच्या घरात हा सिनेमा का आवडला ते वेगळं सांगायला नको.) वीज अंगावर पडून ताकद आलेला हा माणूस सुरुवातीला मुंडू, म्हणजे केरळातली लुंगी, नेसून, तोंडाला फडकं गुंडाळून मारामारी करतो. मुंडू वर दुमडून खोचला की केरळात मारामारीची तयारी झाली हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. त्याच्याविरुद्धचा शिबू शेतातल्या बुजगावण्याचा चेहरा लावतो. शेवटी सूट येतो, तो दिसतोही बरा. पण त्याआधीच्या मारामाऱ्यांत मुंडूमुळे जी अडखळ आणि जो मिश्कीलपणा येतो तो सुटात नाही.

आयर्न मॅनने या सगळ्याची वाट लावली असं मी म्हणते आणि घरात यावरून भांडण होतं. २००८च्या पहिल्या सिनेमातला गुहेतला सूट आठवा. भंगारातून ठोकून काढलेला, चालताना खडखडणारा. ठोसा मारला तर हात दगडी भिंतीत अडकतो आणि तो सोडवेपर्यंत मागून माणूस येऊन डोक्याला बंदूक लावतो. गोळी हेल्मेटवर आपटून उलटते आणि त्याचाच जीव घेते. त्या सुटाने काय होईल आणि काय होणार नाही हे आपल्याला दिसतं, म्हणून भीतीही वाटते आणि मजाही येते. २०१०मध्ये सूटकेसमधला सूट आला. मोनॅकोच्या रेसट्रॅकवर समोरचा माणूस विजेच्या चाबकांनी गाड्या कापतोय आणि हा कपडे चढवतोय. कपडे घालायला लागणारा वेळ हीच तिथली उत्कंठा. आणि २०१८पर्यंत नॅनो तंत्रज्ञान आलं. सूट छातीतून वाहत अंगभर पसरतो, हवं ते हत्यार हाताला फुटतं, ढाल हवी तर ढाल, पंख हवे तर पंख. कशाची कमतरताच नसेल तर फाइट मास्टरने करायचं काय? पुढच्या वर्षीच्या 'एंडगेम'मध्ये तर काळप्रवासाचे ते पांढरे सूट कुणाच्या अंगावर नव्हतेच, सगळे नंतर कॉम्प्युटरवर चढवले. सोय मोठी आहे, डिझाइन शेवटपर्यंत बदलता येतं. २०११मध्ये 'ग्रीन लँटर्न'चा अख्खा सूट असाच काढला होता आणि त्याची इतकी टर उडाली की रायन रेनॉल्ड्सने 'डेडपूल'मध्ये स्वतःच त्यावर विनोद केला.

पण हे सगळं एकाच सिनेमात बघायचं असेल तर 'ब्लॅक पँथर' बघा, २०१८चा. पोशाख रूथ कार्टरचे, त्यासाठी त्यांना २०१९मध्ये ऑस्कर मिळालं आणि ते अगदी योग्य होतं. सूट आतून स्नायूंचा आणि वरून पातळ कापडाचा, त्यावर बारीक त्रिकोणांची नक्षी. या सिनेमात त्याच दोघांच्या दोन मारामाऱ्या आहेत. पहिली धबधब्यावर, गादीसाठीची. नायक राजा टी'चालाची ताकद आधीच काढून घेतलेली, गादीवर हक्क सांगणारा किलमाँगर उघड्या अंगाने उतरलेला, सगळं अंग उंचवट्यांच्या खुणांनी भरलेलं. घोट्याएवढं पाणी, भाला, ढाल. भाला घुसला की माणूस वाकतो, पाय घसरतो, पाणी उडतं, काठावर उभी असलेली आई ओरडते. कोण हरणार ते माहीत असूनही पोटात गोळा येतो. दुसरी शेवटची, जमिनीखालच्या रेल्वेत. दोघांच्या अंगावर व्हायब्रेनियम या काल्पनिक धातूचे सूट, चेहरे झाकलेले, शरीरं बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरची. ते पडतात, उसळतात, पुन्हा पडतात, आणि मला काही म्हणजे काही वाटत नाही.

आमच्याकडे तालमीत लंगोटावर उतरलेले दोन पैलवान आधी एकमेकांच्या अंगाला लाल माती लावतात. घामाने हात निसटू नये, पकड बसावी म्हणून. म्हणजे ज्याच्याशी लढायचं त्याला स्वतःच्या अंगावर पकड द्यायची. धबधब्यावरच्या मारामारीत ही पकड आहे. कुणी कुणाला कुठे धरलं ते दिसतं. बोगद्यात पकडायला काही नाही, दोघंही गुळगुळीत. गंमत म्हणजे सिनेमा करणाऱ्यांनाही हे कळलेलं असावं. बाजूने ट्रेन गेली की सूट बंद पडतात आणि क्षणभर आतली माणसं उघडी होतात, अशी योजना त्यांनीच केलीय. सुरी लागते ती त्याच फटीत. म्हणजे शेवटचा वार मोजला जावा म्हणून त्यांनाही सूट काढावाच लागला. मग तो आधीच का नाही काढला, असं मी म्हणते. भाऊ म्हणतो, मग खेळणी कशी खपतील? त्याचंही खरं आहे.

याला उतारा म्हणून मी 'शांग-ची'मधली बस दाखवते, २०२१ची. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून धावणारी गच्च बस, सिमू लिऊच्या अंगावर रोजचं जॅकेट. मारामारी बसवणारा ब्रॅड ॲलन हा ऑस्ट्रेलियन माणूस जॅकी चॅनच्या स्टंट टीममधला. जॅकी चॅनकडे कपडा हे हत्यार असतं आणि ते इथेही दिसतं. जॅकेट अंगातून निघतं, झटापटीत वापरलं जातं आणि पुन्हा अंगात जातं, आणि हे सगळं उभं राहायलाही जागा नसलेल्या बसमध्ये. बाहीतून हात निघतो कधी आणि परत शिरतो कधी, ते बघायला मी प्रसंग थांबवून मागे नेते. त्या जॅकेटला चौबगला नाही, पण खांद्याला भरपूर सैल आहे, आणि मारामारी बसवताना कुणीतरी तो सैलपणा हाताने तपासून बघितलेला असणार. पुढे त्याला आईने दिलेला ड्रॅगनच्या खवल्यांचा लाल सूट मिळतो आणि सिनेमा आकाशात जातो, तिथे मी चहा टाकायला उठते. ॲलन ऑगस्ट २०२१मध्ये, सिनेमा लागण्याच्या आधीच वारला. सिनेमा त्याला अर्पण केलाय, त्याचं नाव शेवटी पडद्यावर येतं.